बेळगावच्या अंगणातून आकाश : दुर्बिणीचं सामान आणि ताऱ्यांचा नकाशा कसा निवडावा

मृग लागला की माझी दुर्बीण डब्यात जाते आणि खंडेनवमीला बाहेर येते. त्या दिवशी आमच्याकडे कोयता, नांगर, मोटरसायकल, कारखान्यातलं लेथ मशीन अशा सगळ्यांची पूजा होते. त्या रांगेत दुर्बिणीलाही झेंडूचं फूल मिळतं. एका वर्षी पूजेआधी पुसून घ्यावा म्हणून १० मिलिमीटरचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) काढला आणि टॉर्चसमोर धरला, तर भिंगाच्या आत कोळ्याने विणल्यासारखे पांढरे धागे. बुरशी! चार महिने तो कपाटात, त्याच्या मूळ कापडी पाऊचमध्ये पडून होता. त्याच वर्षी हौसेने सहा रंगीत फिल्टरांचा संच घेतला होता. तो आजवर दोनदाही वापरलेला नाही. तेवढ्या पैशात हवाबंद डबा आणि सिलिका जेल येऊन वर चहाचे पैसे उरले असते.

परदेशी व्हिडिओंमधल्या 'पहिल्या दहा ॲक्सेसरीज' छापाच्या याद्यांवरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला. त्या याद्या चाळीस-पन्नास अक्षांशावर राहणारे लोक करतात. आपण सोळा अंशाच्याही थोडे खाली आहोत. ध्रुवतारा आपल्याकडे शेजारच्या नारळाआड लपतो, पाऊस चार महिने मुक्काम ठोकतो, आणि थंडीत आकाश मोकळं झालं की ऊसाचा सीझन सुरू होतो. त्यामुळे काय आधी घ्यायचं आणि काय कधीच घ्यायचं नाही, याचा क्रम आपला वेगळा लागतो. माझा क्रम खाली देतो. तुमच्याकडे दुर्बीण आहे किंवा येऊ घातली आहे, असं धरून चाललो आहे.

आधी नकाशा, मग खरेदी

पहिली गोष्ट फुकटची आहे. कॉम्प्युटरवर 'स्टेलॅरियम' उतरवून घ्या. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, पैसे लागत नाहीत. फोनवरची आवृत्ती वेगळी, तिचं काम वेगळं. खरेदीचा विचार करायला मोठा पडदाच हवा.

उघडल्यावर एफ६ दाबा. ठिकाणाची खिडकी येते. शहराच्या यादीत बेळगाव सापडलं तर ठीक, पण खेड्यात राहणाऱ्यांनी आकडे हातानेच भरावेत. बेळगावसाठी अक्षांश १५.८५ उत्तर, रेखांश ७४.५ पूर्व, उंची साधारण ७५० मीटर. खानापूरला अक्षांश १५.६४, निपाणीला १६.४. इथे एक खड्डा आहे. १५.८५ हा दशांश आहे. अंश-मिनिटांत तो १५ अंश ५१ मिनिटं होतो. मोटर लावलेल्या दुर्बिणीच्या हँडसेटला बहुतेक वेळा अंश-मिनिटं हवी असतात आणि माणूस घाईत '८५ मिनिटं' भरायला जातो. दुसरा खड्डा तारखेचा. काही हँडसेटमध्ये आधी महिना आणि मग दिवस भरायचा असतो. मी एकदा ५ मार्चच्या रात्री ३ मेचं आकाश भरलं आणि दुर्बीण व्याध म्हणून थेट आमच्या पाण्याच्या टाकीकडे वळली. वेळ-विभाग अधिक साडेपाच तास, उन्हाळी वेळ 'नाही'. एवढं भरून झालं की पुन्हा एकदा वाचा.

घड्याळाबद्दल एक लक्षात असू द्या. भारतीय वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे आणि आपण त्याच्या आठ अंश पश्चिमेला आहोत. म्हणून आकाश आपल्या घड्याळाच्या सुमारे ३२ मिनिटं मागे चालतं. एखाद्या लेखात 'मध्यरात्री डोक्यावर' असं दिसलं की आपल्याकडे साडेबारा धरायचे.

आता अंगणात या. हात लांब केला की मूठ साधारण १० अंशांची असते. उत्तर, ईशान्य, पूर्व अशा आठही दिशांना घर, झाड, टाकी किती मुठी वर येते ते कागदावर लिहा. स्टेलॅरियममध्ये याच आकड्यांची साधी मजकूर फाईल करून (एका रकान्यात दिशा, दुसऱ्यात उंची) आपल्या अंगणाचं क्षितिज बनवता येतं. 'पॉलिगोनल' प्रकारचा लँडस्केप म्हणतात त्याला. एवढा खटाटोप नको असेल तर कागद भिंतीला चिकटवा, तेवढ्यानेही भागतं. माझ्या कागदावर उत्तरेला 'नारळ, २५ अंश' असं लिहिलेलं आहे. ध्रुव १६ अंशावर. म्हणजे माझ्या अंगणातून ध्रुव नाही. विषुववृत्तीय माउंट (ध्रुवाकडे रोखून ताऱ्यांमागे फिरवायची दुर्बिणीची बैठक) घेण्याचा विचार असेल तर ही एक ओळ पैसे वाचवणारी आहे. ते पुढे.

एफ४ मध्ये प्रकाश-प्रदूषणाची पट्टी असते, १ ते ९. अमेरिकन निरीक्षक जॉन बोर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेली ही मोजपट्टी. १ म्हणजे गडद काळोख, ९ म्हणजे मोठ्या शहराचा मध्य. बाहेर जाऊन कृत्तिका बघा, नुसत्या डोळ्यांनी किती तारे मोजता येतात ते पाहा आणि पडद्यावर तेवढेच दिसेपर्यंत पट्टी सरकवा. शहरातल्या टिळकवाडीचं आकाश आणि जंगलाकडच्या जांबोटीचं आकाश यातला फरक पडद्यावरही जीव सुखावणारा आहे. त्याच खिडकीत आकाश-संस्कृतींची यादी आहे. त्यात भारतीय पर्याय निवडला की लहानपणापासून पंचांगात ऐकलेली नक्षत्रं जागेवर दिसतात.

आता मुख्य युक्ती. एफ२ दाबून प्लगिनच्या यादीत 'ऑक्युलर्स' शोधा, 'सुरू होताना लोड करा' यावर खूण करा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. त्यात आपल्या दुर्बिणीचा व्यास आणि नाभीय अंतर (फोकल लेंग्थ, म्हणजे भिंगापासून किंवा आरशापासून प्रतिमा जमते तिथपर्यंतचं अंतर) भरा, मग घ्यावेसे वाटणारे आयपीस एकेक करून भरा : नाभीय अंतर आणि दृश्य कोन. कृत्तिका निवडून कंट्रोल आणि ओ दाबलं की त्या आयपीसमधून जेवढं दिसेल तेवढंच गोल पडद्यावर येतं. दुकानात न जाता, रुपया न घालवता दहा आयपीस लावून बघता येतात. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आठवडाभर हे खेळा आणि मगच ऑर्डर द्या.

बाकी सॉफ्टवेअरचं थोडक्यात. छापील नकाशे हवे असतील तर 'कार्त द्यू सिएल' चांगलं, तेही फुकट. चंद्रावरच फिरायचं असेल तर 'व्हर्च्युअल मून ॲटलस'. कॅमेरा आणि मोटर कॉम्प्युटरवरून चालवायची असेल तर 'केस्टार्स'. अंतराळ स्थानक कधी डोक्यावरून जाणार ते 'हेवन्स अबव्ह'वर. पैसे देऊन घेण्यासारखं 'स्कायसफारी' आहे, पण पहिल्या वर्षी त्याची गरज नाही.

आयपीस : तीन पुरेत

हिशेब सोपा आहे. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर म्हणजे किती पट. सहा इंची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या डॉब्सोनियनला (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) २५ मिलिमीटरचा आयपीस लावला तर ४८ पट. साध्या प्लॉसल आयपीसचा दृश्य कोन सुमारे ५० अंश असतो. त्याला ४८ ने भागलं की आकाशातला साधारण एक अंश दिसतो. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे दोन चंद्र शेजारी शेजारी मावतील. कृत्तिकांचे ठळक तारे दाटीवाटीने बसतात. ३२ चा लावला तर सुमारे सव्वा ते दीड अंश, तिथे त्या मोकळा श्वास घेतात. हा फरक ऑक्युलर्समध्ये बघा, वाचून कळत नाही.

जास्तीत जास्त किती पट? व्यासाच्या मिलिमीटरची दुप्पट, ही कमाल मर्यादा. ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १४०. पण खोक्यावर '५२५ पट' छापलेलं असतं, कारण सोबत ४ चा आयपीस आणि तिप्पट बार्लो (आयपीसआधी लावून पट वाढवणारं भिंग) दिलेला असतो : ७०० भागिले ४ म्हणजे १७५, गुणिले ३. हिशेब बरोबर, पण त्यातून गुरू बघितला तर पाण्यात पडलेल्या बत्ताशासारखा दिसतो. तो ४ चा आयपीस बाजूला ठेवा.

दुर्बिणीसोबत बहुधा २५ आणि १० येतात. त्यावर दुप्पट बार्लो घ्यायचा विचार असेल तर आधी कागदावर मांडा. २५ चे ४८ पट, १० चे १२०, बार्लोसकट ९६ आणि २४०. ९६ आणि १२० जवळजवळ सारखेच, आणि २४० वर्षातून मोजक्या रात्री चालतं. त्याऐवजी १० च्या जागी १५ असेल तर २५, १५ आणि बार्लो या तिघांत ४८, ८०, ९६, १६० अशा पायऱ्या मिळतात. १६० हा आपल्याकडच्या बऱ्याच रात्रींना झेपणारा आकडा. सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आखूड दुर्बिणीवाल्यांनी हाच हिशेब आपल्या आकड्यांनी करावा.

चष्मा असेल तर आणखी एक. प्लॉसलमध्ये डोळा भिंगापासून किती लांब ठेवता येतो ते नाभीय अंतराच्या साधारण सत्तर टक्के असतं. ६ च्या प्लॉसलला चार मिलिमीटर, म्हणजे पापणी भिंगाला लागणार. नुसता जवळचा किंवा दूरचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की काम होतं. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर लांबून बघता येणारे, म्हणजे १५ ते २० मिलिमीटरची सोय असलेले आयपीसच बघा.

ऑर्डर देण्याआधी पट्टीने दुर्बिणीत आयपीस बसतो त्या छोट्या नळीचं तोंड मोजा. ३१.७ मिलिमीटर म्हणजे सव्वा इंची, हे सगळीकडे चालतं. काही जुन्या आणि स्वस्त दुर्बिणींना २४.५ चं असतं आणि त्यात सव्वा इंची आयपीस जात नाही. मला हे कुरिअर फोडल्यावर कळलं.

नेम धरायचं साधन

दुर्बिणीसोबतचा छोटा फाईंडर पुष्कळदा नावापुरता असतो. लाल ठिपक्याचा फाईंडर स्वस्त आहे आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो. पण शहरातून आकाश उजळ असेल, नुसत्या डोळ्यांना ताराच दिसत नसेल, तर ठिपका कशावर ठेवणार? तिथे ९ बाय ५० चा (९ पट, ५० मिलिमीटर व्यासाचा) फाईंडर उपयोगी, आणि तोही काटकोनात वळलेला, चित्र सुलट दाखवणारा. नाहीतर डोक्यावरचा तारा बघताना मान मोडते. न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, हे नकाशा बघताना विसरू नका. स्टेलॅरियममध्ये चित्र आडवं आणि उभं उलटवायची सोय आहे. ती वापरली की पडदा आणि आयपीस जुळतात.

माउंट आणि उद्यमबागेतला पाईप

विषुववृत्तीय माउंटचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो. आपल्याकडे तो जमिनीपासून फक्त १६ अंश वर, म्हणजे जवळजवळ आडवा. या माउंटांची रचना वरच्या अक्षांशांसाठी केलेली असते, त्यामुळे आपल्याकडे दोन भानगडी होतात. काहींचा उंचीचा स्क्रू इतका खाली उतरतच नाही. घेण्यापूर्वी किमान अक्षांश विचारा आणि २० च्या आसपास असेल तर सोडा. दुसरं, वजनाचा दांडा खाली फिरताना तिकाटण्याच्या पायावर आपटतो.

माझ्या माउंटचं हेच झालं. मग उद्यमबागेत एका टर्नरकडे गेलो. फौंड्री आणि लेथवर उभं असलेलं हे गाव, तिथे नाही म्हणणारा माणूस भेटणं कठीण. तिकाटणं आणि माउंट यांच्यामध्ये बसेल असा २०० मिलिमीटर उंचीचा तुकडा हवा, असं सांगितलं. त्याने वर्नियर काढून खालचं तोंड मोजलं, वरचं मोजलं, तळहातावर खडूने आकडे लिहिले आणि विचारलं, "कुठल्या मशीनचा पार्ट सर?"

"आकाश बघायच्या."

"मग प्ले ठेवू नये. हलतंय म्हणून उद्या मला सांगाल."

दोन दिवसांनी ॲल्युमिनियमचा तुकडा मिळाला आणि त्यानंतर दांडा एकदाही आपटला नाही. असा तुकडा बाहेरून मागवला तर किंमत आणि वाहतूक दोन्ही जास्त पडतं. पण खरं सांगायचं तर फोटोग्राफी करायची नसेल तर हा उपद्व्याप करू नका. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी डॉब्सोनियनच सुचवतो. त्याला ध्रुव लागत नाही, नारळ आड आला तरी बिघडत नाही.

माउंट कुठलाही असो, गच्चीच्या स्लॅबवर मांडू नका. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत ऊब सोडत राहतो आणि शनी थरथरतो. मातीचं अंगण किंवा खळं बरं. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा, आरशाला हवेचं तापमान येऊ द्या.

दव आणि बुरशी : आपल्याकडचे खरे शत्रू

खानापूरच्या बाजूला भातखाचरांजवळ डिसेंबरात दहा वाजता दुर्बीण मांडली तर साडेअकराला ती आंघोळ करून बसते. भिंगाच्या दुर्बिणीला आणि फाईंडरला दवटोपी हवीच. जमिनीवर अंथरायची पातळ फोमची चटई कापा, नळीभोवती गुंडाळा, व्यासाच्या दीडपट पुढे येऊ द्या, वेलक्रोने बांधा. आतून काळी असेल तर उत्तम. न्यूटोनियनचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्याने वाचतो, पण फाईंडर आणि आयपीस ओले होतात. वापरात नसलेला आयपीस खिशात ठेवा. १२ व्होल्टवर चालणारा, भिंग कोमट ठेवणारा दवपट्टा नंतर कधीतरी घ्या. दव बसलंच तर रुमालाने पुसू नका, धुळीचे कण भिंगावर ओरखडे काढतात.

पावसाळ्यासाठी झाकणाला रबर असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या. आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. निळं जेल गुलाबी झालं की ते ओलं झालं. जुन्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळं होईपर्यंत तापवायचं. तो तवा मग भाकरीला वापरायचा नाही, कारण निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो. नारिंगी जेल मिळालं तर ते बरं. आयपीस कापडी किंवा चामडी पाऊचमध्ये ठेवायचे नाहीत, ओल धरायला तेच पहिले. पावसाळ्यात एखादा दिवस ऊन पडलं तर डबा उघडून अर्धा तास हवा द्या, पण भिंग सूर्याकडे रोखू नका.

फिल्टर

रंगीत संच घेऊ नका, वर सांगितलंच. चंद्राचा राखाडी फिल्टर मोठ्या दुर्बिणीला थोडा उपयोगी; नाहीतर चंद्र बघताना अंगणातला दिवा लावून ठेवा, डोळे दिपत नाहीत. तेजोमेघांसाठी यूएचसी किंवा ऑक्सिजन-तीन फिल्टर (तेजोमेघांच्या प्रकाशातले ठरावीक रंगच आत सोडणारे) चांगले, पण ते सहा इंच आणि त्यावरच्या दुर्बिणींना. 'प्रकाश-प्रदूषण फिल्टर' म्हणून जे विकतात ते पिवळ्या सोडियम दिव्यांच्या काळातले. आता रस्तोरस्ती पांढरे एलईडी आहेत, त्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, फिल्टर बिचारा काय काय अडवणार?

सूर्याच्या बाबतीत मात्र काटकसर नाही. फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण झाकणारा, वाऱ्याने निघणार नाही असा पक्का बांधलेला हवा. डोळ्यांनी बघायची फिल्म ५.० घनतेची असते, ती सूर्याच्या प्रकाशाचा एक लाखावा भाग आत सोडते. ३.८ घनतेची फिल्म फक्त फोटोसाठी, तिच्यातून डोळ्याने बघायचं नाही. दरवेळी लावण्याआधी दिव्यासमोर धरून सुईच्या टोकाएवढी भोकं तपासा. आयपीसला लावायचा छोटा 'सन' लिहिलेला काळा फिल्टर सोबत आला असेल तर फोडून टाका. नाभीच्या उष्णतेने तो तडकतो आणि डोळा जातो. फाईंडरचं झाकण बंद. एक्स-रे फिल्म, काजळीची काच, सीडी यातलं काहीही चालत नाही. २६ डिसेंबर २०१९ चं कंकणाकृती ग्रहण आपल्याकडून खंडग्रास दिसलं होतं. २ ऑगस्ट २०२७ लाही खंडग्रास आहे, पण ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे ढग. २१ मे २०३१ चं कंकणाकृती ग्रहण दक्षिण भारतातून जाणार आहे, तेव्हा आपल्या वाट्याला पुन्हा खंडग्रास. फिल्म आधीच घेऊन ठेवा, ग्रहणाच्या आठवड्यात मिळत नाही.

न्यूटोनियनवाल्यांसाठी एक ओळ : आरसे जुळवायला चेशायर आयपीस (बघायला बारीक भोक असलेली, बिनभिंगाची नळी) घ्या. स्वस्त लेसर बऱ्याचदा स्वतःच वाकडे असतात, आणि वाकड्या लेसरने जुळवलेली दुर्बीण आधीपेक्षा वाईट.

काळोखात जाताना

फोनवरचं नकाशाचं ॲप आता कामाला येतं. रात्रीचा लाल पडदा सुरू करा आणि उजेड अगदी कमी करा. पांढऱ्या पडद्याकडे एकदा बघितलं की डोळ्यांना पुन्हा अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. फोनच्या कव्हरला लोहचुंबक असेल तर ते काढा, नाहीतर ॲप दक्षिणेला पश्चिम म्हणेल. माझी पद्धत अशी की घरीच स्टेलॅरियमवर त्या रात्रीची पाच-सहा लक्ष्यं ठरवून कागदावर उतरवतो आणि फोन खिशात राहतो.

दक्षिणेकडे बघा. युरोपात बसलेल्याला जे क्षितिजाखाली, ते आपल्याला वर. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमारास अगस्त्य २१ अंशांवर असतो. एप्रिलअखेर साडेअकराच्या आसपास नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ २६-२७ अंशांवर येतो, ४८ पटीत तो साखर सांडल्यासारखा दिसतो. मात्र वळीव सुरू होण्याआधीच हे उरकायचं. निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात थंडीत कारखान्यांचा धूर आणि जाळलेल्या पाल्याचा पांढरा थर क्षितिजाला बसतो, त्यामुळे दक्षिणेच्या खालच्या लक्ष्यांसाठी खानापूर-जांबोटीची बाजू बरी. तिथून उत्तर-पूर्वेला बेळगावचा उजेड दिसतो, पण दक्षिण स्वच्छ असते.

मात्र जांबोटी-कणकुंबीकडे रात्री रस्त्यावर गवे येतात, अस्वलंही आहेत. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरायचं नाही. ओळखीच्या शेतकऱ्याचं खळं गाठा आणि त्याला आधी सांगून ठेवा. पंपाची थ्री फेज वीज पुष्कळदा रात्री येते, पंप चालू करायला कुणीतरी टॉर्च घेऊन येणारच. मला एकदा बांधावरून आवाज आला, "काय बघालायसा सर एवढ्या रात्री?"

"शनी."

"कुणाच्या राशीला आलाय?" म्हणत तो आयपीसला डोळा लावून बसला. मार्च २०२५ मध्ये कडी कडेवर आली होती, त्यानंतरचे ते दिवस, त्यामुळे त्याला ती बारीक रेघेसारखी दिसली. पंपाचं तो विसरला. या लोकांसाठी सोबत एक प्लास्टिकचं स्टूल ठेवा. उभ्याने बघणाऱ्याचा हात दुर्बिणीला लागतो, बसलेल्याचा लागत नाही.

घरी आल्यावर दुर्बीण लगेच पेटीत बंद करू नका. दव पडलेलं सामान बंद केलं की आतली ओल बाहेर पडत नाही. झाकणं काढून नळी तोंड खाली करून पंख्याखाली ठेवायची, आयपीस टेबलावर कोरड्या कापडावर उघडे मांडायचे, आणि झोपायला जायचं. सकाळी चहाच्या वेळी टॉर्च घेऊन प्रत्येक भिंग तिरपं धरून बघायचं. कोरडं आणि स्वच्छ असेल तरच ते डब्यात.